पाच हात, पाच मुठी

४ मार्च, सोमवार

जुन्या खाणीचा नकाशा शेवटी माझ्याच गळ्यात पडला. ती खाण बंद होऊन शंभर वर्षं झाली, आता पाण्याने तुडुंब भरली आहे. तिचे बोगदे कुठवर आले आहेत ते मीटरमध्ये काढायचं, म्हणजे आमच्या खाणीचा नवा बोगदा त्यांच्यापासून लांब ठेवता येईल. नव्या बोगद्याच्या टोकाशी दादा ड्रिल चालवतो. साहेबांना हे माहीत आहे. मी आठवण करून दिली नाही.

नकाशातली सगळी अंतरं काठ्यांत. एक काठी म्हणजे पाच हात, पाच मुठी. कोष्टक सांगतं — दोन मीटर सत्तर. नुसता गुणाकार!

५ मार्च, मंगळवार

नकाशाच्या कोपऱ्यात एक मूठ काढलेली आहे, अंगठा उभा. साहेब म्हणाले, "अगं, तो तुला अंगठा दाखवतोय!" सगळी खोली हसली. मी हसले नाही. विनोद तसा वाईट नव्हता.

घरी आई दादाच्या बुटांवरून कावली होती. "घर आहे की पिठाची गिरणी?" दादा म्हणाला, "आत पाण्याचा टिपूस नाही, धूळच येणार. फूटपट्टीला विचार." फूटपट्टी म्हणजे मी. लहानपणापासून.

६ मार्च, बुधवार

गुणाकार संपला. आमचा बोगदा आणि जुनं पाणी यांच्यात चाळीस मीटर दगड. नियमाने वीस उरले की काम थांबवायचं. म्हणजे सगळं ठीक. तरी नकाशा गुंडाळून ठेवला नाही.

७ मार्च, गुरुवार

पडताळा घेतला. जुन्या खाणीचं तोंड आणि सुरुंगाच्या दारूची पडकी कोठी — दोन्ही नकाशात आहेत आणि दोन्ही अजून जमिनीवर उभी आहेत. नकाशात मधे अठ्ठेचाळीस काठ्या. कोष्टकाप्रमाणे एकशे तीस मीटरच्या आत यायला हवं. टेप लावली. एकशे बेचाळीस भरले. उलटीकडून मोजलं. तेच.

तिथेच कोठीच्या पायरीवर बसून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मूठ मिटली. मग अंगठा उभा केला. पाच सेंटिमीटर वाढले.

ते चित्र शोभेचं नाही. इथले मोजणारे अंगठा उभा धरून मूठ मोजत. काठीला पाच अंगठे — पंचवीस सेंटिमीटर. कोष्टक करणाऱ्याने मूठ मिटलेली धरली.

जुना बोगदा आमच्या दिशेने एकशे छत्तीस काठ्या आला आहे. म्हणजे चौतीस मीटर जास्त. चाळीस वजा चौतीस.

सहा.

८ मार्च, शुक्रवार

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "एका अंगठ्यापायी खाण बंद करू? वर काय तोंड दाखवू?" मी टेपचे आकडे पुढे सरकवले. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाले, "सोमवारी पुढे लांब भोक पाडून पाणी लागतं का बघू. तोवर दिवसाला मीटरभर सरकतील. सहा पुरतात ना?"

"गणिताने पुरतात," मी म्हणाले. आजच थांबवा, असंही म्हणाले. दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं नाही.

जेवताना दादाला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "हे सहा धरलेस कुठून?"

"फोरमनच्या नोंदीवरून."

दादा हसला नाही. "फूटपट्टे, नोंद कधी खरी असते का? आम्ही खोदतो त्यापेक्षा फोरमन कमीच कळवतो. थोडं हातचं राखतो. कधी मशीन बिघडलं, काम झालं नाही, की त्यातलं दाखवायचं. सगळ्या पाळ्या तसंच करतात."

"हातचं किती आहे?"

"पाच असतील. सहासुद्धा."

साहेबांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. फोरमनचा बंद. दादाला म्हणाले, उद्या जाऊ नकोस.

"आणि बाकीच्यांनी जायचं?"

आईने विचारलं, "काय चाललंय तुमचं?" दादाचा घास हातातच होता. म्हणाला, "काही नाही गं. पाणी दे."

९ मार्च, शनिवार

उठले तेव्हा दादा गेलेला होता. आईजवळ निरोप — सगळ्यांना वर घेऊन येतो. नवे बूट घालून गेला आहे. कालचे दाराआड, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. उचलले.

धूळ नाही. ओले आहेत — आतपर्यंत.