दारातल्या चपला

बाई, तुमच्या अंगणवाडीच्या खोलीत आता झेरॉक्सचं दुकान आहे. परवा भोसरीत काम होतं, तर पाय आपोआप त्या गल्लीत वळले. शेजारचं वर्कशॉप तसंच आहे, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनचा आवाजही तोच. दुकानदाराशी बोलायचं तर ओरडावं लागलं, आणि आठवलं की आपण गुरुवारीच का बसायचो. गुरुवारी वर्कशॉपना सुट्टी, म्हणून आठवड्यातून तेवढ्या एका दुपारी माणसाला माणसाचं ऐकू यायचं. मुलं खिचडी खाऊन घरी गेली की आसपासच्या अंगणवाड्यांमधल्या आम्ही सहा-सात सेविका तुमच्या खोलीत जमायचो. वरून आदेश नव्हता, कुठल्या रजिस्टरला नोंद नव्हती. सतरंजीवर बसून जुन्या लग्नपत्रिकांवरची चित्रं कापायची, बाटल्यांची झाकणं ओवायची, आणि हात चालू ठेवून एकेकीनं सांगायचं, या आठवड्यात माझं काय चुकलं. सुरुवात नेहमी तुम्ही करायचात. "मी आधी सांगते, म्हंजी तुमची भीड मोडंल."

माझी काही मोडली नाही. मी नवी होते, आम्ही बीडकडून आलेलो, नवरा कंपनीत कंत्राटावर. चूक कबूल केली की नोकरी गेली, असं माझं गणित. माझा नंबर आला की म्हणायचे, "माझं सगळं बरं चाललंय." तुम्ही कात्रीवरून नजर न उचलता म्हणायचात, "बरं हाय तर बरं हाय." त्यातली खोच मला कळायची, पण मी न कळल्यासारखं करायचे. या कामात मी पहिल्यापासून हुशार.

आणि मग तो दिवस. मदतनीस रजेवर आहे. खिचडी शिजवणं, वाढणं, वजनं घेणं, सगळं एकटी करतेय. एक वाजता दारात बघते तर चपलांचा एकही जोड नाही. तुम्हीच शिकवलेलं, "पोरं हिकडं-तिकडं पळत्यात, मोजताना चुकतं. चपला मोजाव्या. चपला पळत न्हाईत." चपला नाहीत म्हणजे मुलं नाहीत. मी कुलूप लावते आणि निघते. रिक्षा स्टँडवर पोचल्यावर, रिक्षा भरायची वाट बघत बराच वेळ उभी राहिल्यावर, आठवतं की डबा आतच राहिला. माघारी येऊन दार उघडते, तर दाराच्या फटीला तोंड लावून ती बसलीये. तीन वर्षांची. सकाळी आईनं घाईत कडेवर आणून सोडलेली, अनवाणी. रोज नेणारी शेजारीण गावाला गेलेली, आणि ही चटयांच्या गुंडाळीमागे झोपून गेलेली. किती वेळ रडली कोण जाणे. माझ्या खोलीशेजारीही वर्कशॉपचं मशीन चालू होतं, कुणाला ऐकू जाणार? मी तिचं तोंड धुतलं, चड्डी बदलली, उरलेली खिचडी भरवली. तीन वाजता आई शिफ्ट संपवून धावत आली तेव्हा लेक माझ्या मांडीवर होती. आई म्हणाली, "आवाज का बसलाय हिचा?" मी म्हणाले, "सर्दी असेल." त्या बाईनं माझे आभार मानले, बाई. आपल्या लेकीला इतका वेळ सांभाळलं म्हणून.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होते. तुम्ही भाकरी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केलात, हाताचं पीठही न झटकता सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आदी पोरीच्या आयला सांग. मग गुरवारी आमाला सांग."

"नोकरी जाईल माझी."

"आगं, तू झाकून ठिवलीस तर उद्या दुसरीच्या खोलीत हेच हुईल. तिला कसं कळायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी तुम्ही माझ्या दारात हजर. हातात नातीच्या जुन्या लाल चपला, एकीचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला. "पोर अनवाणी आलं की ह्या दारात मांडायच्या. ते घरी गेलं की उचलायच्या." एवढंच. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर निदान राग धरायला जागा मिळाली असती.

गुरुवारी तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी तुमची जुनी गोष्ट काढलीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. फाटकाची कडी लावायची राहिली आणि एक पोर बाहेर पडून थेट मोठ्या रस्त्याला लागलं, भाजीवालीनं हाताला धरून परत आणलं. इतक्या वर्षांत तुम्ही ते कुणापाशी बोलला नव्हतात. मग बाकीच्याही बोलल्या, एकीच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. माझा नंबर आला. मी म्हणाले, "माझं सगळं बरं चाललंय." या वेळी तुम्ही "बरं हाय" म्हणाला नाहीत.

पुढच्याच महिन्यात पिंपरीत प्रशिक्षण होतं. मोठ्या मॅडमनी विचारलं, मुलांच्या सुरक्षेबाबत कुणाचा काही अनुभव आहे का? मी उठले. का उठले ते आजही नीट सांगता येत नाही. चमकायचं होतं, दुसरं काय. "एका बाईंच्या अंगणवाडीत" अशी सुरुवात करून मी फाटकाची गोष्ट सांगितली, भाजीवालीसकट. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी आपल्या अंगणवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविका मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "कुठली गं ही अंगणवाडी?" मी नाव घेतलं नाही. "जुन्या आहेत, मोठ्या रस्त्याजवळच्या," एवढंच म्हणाले. मोठ्या रस्त्याजवळ जुन्या तुम्ही एकट्याच होतात.

तुम्हाला मेमो आला. तुम्ही खुलासा लिहून दिलात, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना. पुढच्या गुरुवारी कात्री चालवत, कुणाकडेही न बघता म्हणालात, "गुरवारचं बोलणं गुरवारी ठिवावं." चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं सगळ्या माझ्याकडेच बघतायत. कुणी बघत नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. त्यानंतर ज्या यायच्या त्या नुसती चित्रं कापायच्या. "तुझं काय चुकलं" विचारलं की प्रत्येकीचं सगळं बरं चाललेलं. चार-पाच गुरुवारांनी येणंही थांबलं. तुम्ही गेल्यावर मी दहाव्याला देहूच्या घाटावर आले होते, पण मागेच उभी राहिले.

आता मीच मुख्यसेविका आहे, चाकणकडच्या वीसेक अंगणवाड्या बघते. तिथे शेजारी प्रेस मशीन नाही, तरी बैठक मी गुरुवारीच ठेवलीये. सेविका येतात, मोबाइलवर माहिती भरतात, मान डोलावतात. मागच्या महिन्यात एका नव्या मुलीनं फोन केला, "मॅडम, माझ्याकडून एक झालंय..." आणि मग म्हणाली, "काही नाही, भेटल्यावर बोलू." तिचा तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. म्हणून ठरवलं, येत्या बैठकीत आपण आधी सांगायचं, तुमच्यासारखं. लाल चपला पिशवीत घालून घेऊन गेले. सगळ्या बसल्या, मी घसा खाकरला, आणि तोंडातून निघालं, "एका बाईंच्या अंगणवाडीत फाटकाची कडी लावायची राहिली..."

पुन्हा तुमचीच, बाई. माझी ओठांपर्यंत आलेली असताना तुमचीच.

ती मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, पण हे बाहेर कसं कळलं? त्यांना मेमो वगैरे आला का?"

"आला," मी म्हणाले. "कुणीतरी सांगितलं असेल."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. मी तिच्याकडे वळून विचारलं, तुला काही सांगायचं होतं ना? तिनं ओढणी सारखी केली. "नाही मॅडम. माझं सगळं बरं चाललंय." चपला मी पिशवीतून काढल्याच नाहीत.

उद्या गुरुवार आहे. उद्या मी नक्की सांगेन, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलंय. तुम्हाला तरी खोटं लिहू नये.