डोक्यावरून टाकी नेणाऱ्या वाहनाचे पासिंग करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी साहेब,
ज्वलनशील माल वाहतूक तपासणी कक्ष, पेण
(मुक्काम : रोहा, मासिक कॅम्प)

अर्जदार : पारी मंगळ्या हिलम, वय अंदाजे ४५, धंदा मजुरी,
राहणार करंजमाळ आदिवासी वाडी, तालुका रोहा, जिल्हा रायगड

विषय : मी स्वतः हे वाहन गॅसची टाकी नेण्यास योग्य आहे, असे प्रमाणपत्र मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपला फाट्यावरील तपासणी अहवाल, दि. ४ एप्रिल २०२५
२) त्यावरून मला आलेली नोटीस, अटी एक ते अकरा, दि. २१ एप्रिल २०२५

महोदय,

आपली नोटीस मिळाली. ती मी दोनदा वाचून घेतली, कारण पहिल्या वेळी विश्वासच बसला नाही. हा अर्ज माझी मुलगी करिश्मा लिहीत आहे. ती बारावी पास आहे. तिने शक्य तिथे सरकारी शब्द घातले आहेत. शब्द तिचे, राग माझा. कमीजास्त झाल्यास मला बोलावे, तिला बोलू नये.

करंजमाळला रस्ता नाही. फाट्यापासून अडीच किलोमीटर चढाची पायवाट आहे आणि मध्ये ओढा आहे. मोटारसायकलसुद्धा ओढ्यापाशी थांबते. गॅस एजन्सीचा टेम्पो महिन्यातून एकदा फाट्यावर येतो. तो चालवणारा मुझम्मिल आमची रिकामी टाकी घेतो, भरलेली देतो आणि आम्ही बाया ती डोक्यावर घेऊन वर जातो. चार वर्षे हे बिनबोभाट चालले होते. दि. ४ एप्रिल रोजी आपण फाट्यावर टेम्पो अडवून तपासला. तो चोख निघाला. मग आपण माझ्याकडे वळून विचारलेत, की इथून पुढे टाकी कोणत्या वाहनाने जाणार? मी म्हणाले, "माझ्या डोक्यान." आपल्या फॉर्मात 'वाहनाचा प्रकार' असा रकाना होता आणि तो मोकळा सोडता येत नाही, असे आपणच म्हणालात. आपण त्यात लिहिलेत : 'डोके. विनानोंदणी.' मी हसले. ती माझी चूक झाली. सरकारी कागद भरला जात असताना हसू नये.

कारण पुढच्या पंधरवड्यात माझ्या नावाने नोटीस आली, की आपले वाहन सोबतच्या अकरा अटी पूर्ण करत नाही, सबब त्या पूर्ण होईपर्यंत एजन्सीने आपणास टाकी देऊ नये. मुझम्मिल कानकोंडा झाला. "काय करू काकी, साहेबांनी माझी सही घेतलीय. टाकी दिली तर टेम्पो जाईल माझा." त्याच्यावर माझा राग नाय. त्याचा टेम्पो आहे, त्याला जपायलाच हवे. माझे डोके आहे, ते मलाच जपावे लागणार.

आता टाकीसाठी मी एवढी का अडून बसले आहे, ते सांगते. माझा नवरा मंगळ्या वीस वर्षे कोळशाच्या भट्टीवर होता. लाकूड जाळून जाळून त्याची छाती गेली. रोह्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिले आहे, की घरात धूर नको, अजिबात नको. टाकी संपल्यापासून मी चूल पेटवते. पेटवायच्या आधी मंगळ्याला हाताला धरून बाहेर आंब्याखाली नेऊन बसवते. वारा फिरला की त्याला उठवून दुसऱ्या बाजूला बसवते. रोज दोन वेळा हा कार्यक्रम असतो. आज उन्हाळा आहे म्हणून आंबा तरी आहे. पावसाळ्यात त्याला कुठे बसवू, हे आपल्या अकरा अटींत कुठे लिहिलेले नाही. मला त्याची भीती वाटते. ती मी कुणाला सांगत नाही, पण अर्जात खरे लिहावे लागते असे करिश्मा म्हणते.

चुलीला लाकूड आणावे, तर फॉरेस्टचे बाबाजी गार्ड पायवाटेवर उभे. "पारीबाय, लाकूड तोडू नका, सरकारने गॅस दिलाय." म्हणजे ते म्हणतात गॅस जाळा आणि आपण म्हणता गॅस नेऊ नका. आपण दोघांनी एकदा एकत्र बसून चहा घ्यावा, अशी नम्र सूचना आहे.

असो. आपल्या अटी मी पूर्ण केल्या आहेत. त्यांचा खुलासा पुढीलप्रमाणे.

अट १, टाकी उभी ठेवावी, आडवी नको. साहेब, तीस किलोची टाकी डोक्यावर आडवी ठेवून अडीच किलोमीटर चढून दाखवणारी बाई मिळाली, तर तिला सर्कशीत पाठवू. माझी टाकी उभीच असते.

अट २, टाकी हलू नये म्हणून घट्ट बसवावी. चुंबळ आहे. जुन्या लुगड्याची, चार पदरी. वरून एका हाताचा आधार. माझ्या डोक्यावरून आजवर एकही टाकी पडलेली नाही.

अट ३, टाकी वाहनाच्या बाहेर डोकावू नये. ही अट मात्र पूर्ण होत नाही. माझे डोके लहान पडते, टाकी चारी बाजूंनी बाहेर येते. मोठाली डोकी पेणला ऑफिसात बसलेली आहेत, पण ती टाकी उचलत नाहीत. या अटीत सूट मिळावी.

अट ४, ठिणगी उडू नये अशी सोय धुराच्या नळीला असावी. मी बिडी ओढत नाही. मंगळ्या ओढायचा, त्याची बंद केली.

अट ५, प्रदूषणाचा दाखला. मी रेशनच्या तांदळावर नि नाचणीवर चालते. धूर सोडत नाही, गिळते.

अट ६, वाहनात प्रवासी बसवू नयेत. गेल्या चार वर्षांत एकही प्रवासी घेतलेला नाही. त्याआधी एकदा एक प्रवासी पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत लाकडाच्या भाऱ्याखाली चालले होते. (तो प्रवासी म्हणजे हा अर्ज लिहिणारी. मला हे आजच कळले. - करिश्मा) तेव्हा टाकी नव्हती, त्यामुळे नियमभंग होत नसावा.

अट ७, आग विझवण्याचे यंत्र. ते विकत घेणे जमले नाही. कळशीत पाणी आणि पदरात वाळू घेऊन चालून पाहिले. डोक्यावर टाकी, कमरेवर कळशी, पदरात वाळू. ओढ्यात पाय घसरला तो कळशीमुळे, टाकीमुळे नव्हे. याची नोंद घ्यावी.

अट ८, चालकाला प्रशिक्षण हवे. लहानपणी धरमतरच्या मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहिल्या. लग्नानंतर वीटभट्टीवर एका फेरीला बारा विटा, अशा दिवसाला शंभर फेऱ्या. हे प्रशिक्षण कमी वाटत असेल, तर शिकवायला आपला माणूस पाठवावा. त्याने पुढे चालावे, मी मागून चालेन.

अट ९, धोक्याची पाटी आणि हॉर्न. पाटी करिश्माने पुठ्ठ्यावर लाल रंगाने लिहिली आहे, ती पाठीवर बांधते. वाडीतली कुत्री तेव्हापासून माझ्यावर भुंकतात. हॉर्न म्हणून "बाजूला व्हा गो!" असे ओरडते. ओढ्यापलीकडे ऐकू जाते.

अट १०, वाहन पंधरा वर्षांपेक्षा जुने असल्यास पुन्हा पासिंग. माझे बनावटीचे साल नक्की माहीत नाही. आधार कार्डावर १ जानेवारी १९८० आहे, पण आमच्या वाडीत सगळेच १ जानेवारीला जन्मलेले आहेत. पंचेचाळीस धरले, तर मी तीनदा भंगारात निघायला हवी होते. वीटभट्टीच्या मुकादमाला मात्र मी कधी भंगार वाटले नाही. तो दर वर्षी न विचारता घेऊन जातो.

अट ११, तपासणी पूर्ण होईपर्यंत माल उतरवू नये आणि भरलेले वाहन शाळा, दवाखाना वा सरकारी कार्यालयाच्या आवारात रिकामे करू नये. ही अट मी आज तंतोतंत पाळणार आहे.

आता एक अडचण. नोटिशीत लिहिले आहे, की वाहन पूर्ण भारासह तपासणीला आणावे. पण पासिंग झाल्याशिवाय भरलेली टाकी मिळत नाही आणि भरलेली टाकी असल्याशिवाय पासिंग होत नाही. यावर करिश्मा अर्धा दिवस डोके धरून बसली होती. शेवटी मी कुंडलिकेच्या पात्रातले गोटे गोणीत भरले, रेशन दुकानाच्या काट्यावर चौदा किलो दोनशे ग्रॅम करून घेतले आणि गोणी रिकाम्या टाकीवर बांधली. भार पूर्ण आहे. एसटीत टाकी घेत नाहीत, म्हणून वाहन वाडीपासून रोह्यापर्यंत स्वतःच्या चाकांवर आणले आहे. नऊ किलोमीटर.

मध्यंतरी जे दिसले तेही लिहिते, नाहीतर मनात राहील. परवा मी कोलाडला बाजाराला गेले होते. तिथे नाक्यावरच्या एका हॉटेलात एकाच स्कूटरवरून चार मोठ्या टाक्या आल्या. दोन पायांपाशी आडव्या, दोन मागे दोरीने बांधलेल्या, आणि चालवणाऱ्याच्या तोंडात सिगारेट. आपल्या कक्षाची गाडी त्याच हॉटेलासमोर उभी होती. आतले साहेब मिसळ खात होते. त्या मिसळीचा गॅस कोणत्या वाहनाने आला, हे त्यांनी विचारले नाही. मी तिथे उभी राहून बघत होते. मला इतका संताप आला, की घ्यायची सुकी मासळी न घेताच परत आले.

दुसरे असे, की याच पायवाटेवरून दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या सरूला बाळंतपणासाठी चार माणसांनी झोळीत घालून खाली आणली. झोळी विनानोंदणी होती. आग विझवायचे यंत्र नव्हते, धोक्याची पाटी नव्हती, आणि धोका तर पुरेपूर होता. तेव्हा कुणी अडवले नाही. अडवायला कुणी आले असते तर बरेच झाले असते, त्याची जीप तरी मिळाली असती. म्हणजे माणूस कसाही न्यावा, टाकी मात्र नियमाने न्यावी, असा शासनाचा हेतू असावा. तो आम्हांस मान्य करावा लागतोच.

सबब विनंती की, माझी आजच तपासणी करावी. मला नंबर द्यावा. पाटी कपाळावर लावायची की पाठीवर, तेही सांगावे. वेगाची मर्यादा घालून दिल्यास पाळेन, चढावर तशीही घातलेलीच आहे. आणि मी पास होत नसेन, तर 'हे वाहन ओझे वाहण्यास अयोग्य आहे' असे आपल्या सही-शिक्क्याने स्पष्ट लिहून द्यावे. तो कागद मी घरात फ्रेम करून लावीन आणि पाण्याच्या कळशीला, वीटभट्टीच्या मुकादमाला आणि निवडणुकीत मतदान यंत्रांच्या पेट्या उचलायला बोलावणाऱ्या तलाठ्याला दाखवीन. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मला ओझे उचलू नकोस म्हटले, म्हणून आपले उपकार मानीन.

फक्त त्याच कागदाच्या पाठीमागे एवढे लिहावे, की मग टाकी कोण वर नेणार. मंगळ्या आंब्याखाली बसला आहे. मी परत येईपर्यंत चूल पेटवायची नाही, असे त्याला सांगून आले आहे, त्यामुळे तो सकाळपासून उपाशी आहे.

आपली नम्र आणि अजून उभी असलेली,

वाहनाचा अंगठा : (उठवला आहे)
चालकाची सही : पारी मंगळ्या हिलम

रोहा, दि. १९ मे २०२५, सकाळी अकरा

सोबत :
१) नोटिशीची झेरॉक्स
२) आधार कार्डाची झेरॉक्स
३) मंगळ्याच्या छातीबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी
४) रेशन दुकानदाराने दिलेली गोट्यांच्या वजनाची चिठ्ठी
५) वाहन, नग एक. अर्ज आत देतेवेळी कार्यालयाच्या दारात उभे आहे. अट ११ प्रमाणे टाकी खाली ठेवलेली नाही. साहेब जेवायला जाणार असल्यास कृपया आधी बाहेर यावे.