आत्याबाईंचं अंथरूण

३ नोव्हेंबर
घरी आले. गर्भाची पिशवी काढली, सुटले बाई एकदाची! निघताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं— आतले टाके भरायला वेळ लागतो, मी तपासून सांगेपर्यंत संबंध नाही. नंतरही घाई करू नका. कोरडं वाटेल, त्याला मलम आहे. दुखलं तर तिथंच थांबायचं. मी लाजून पदराशी चाळा करत बसले. ह्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे कधी?"

४ नोव्हेंबर
आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, स्वतःचं अंथरूण उचलून आमच्या खोलीत आणलं. पलंगाला लागून, दाराच्या बाजूला. हे बाहेर सोफ्यावर. बाळंतिणीगत जपायला पायजे, म्हणाल्या. ह्या वयात कसली बाळंतीण!

९ नोव्हेंबर
हे अळणी रस्सा घेऊन आले. स्वतः वाटी धरून भरवला! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी पाण्याचा तांब्या दिला नाही. मधेच विचारलं, "अजून दुखतंय?" म्हटलं, हो. रिकामी वाटी घेऊन उठले. लोकांची ब्लाउजं शिवायची पडलीत, पण मशीनला पाय लावायचा नाही.

१४ नोव्हेंबर
आत्याबाई रात्रभर खोकतात, कूस बदलतात. ही बाई झोपते तरी कधी? ह्यांच्याशी दोन शब्द बोलायची चोरी. पाठीवर हात पाहिजे, बाकी काही नको— हे कुणाला सांगू? पिशवी गेली म्हणून मी काय लाकूड झाले नाही.

१९ नोव्हेंबर
दुपारी आत्याबाई गिरणीत गेल्या होत्या. हे खालच्या आमच्या दुकानातून मधेच वर आले. जवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हात खाली गेला. म्हटलं, दुखतंय, थांबा. थांबले नाहीत. परत म्हटलं. जिन्यावर आत्याबाईंच्या चपला वाजल्या तेव्हा उठले आणि हसले. गंमत केली म्हणे! मी पण हसले. अंगाला घाम सुटला होता.
पुरुषाला धीर नसतो, म्हणतात. तसंच असेल.

२१ नोव्हेंबर
उद्या तपासणी होती. हे म्हणाले, "कशाला? बरी हाईस की आता." पुढच्या आठवड्यात बघू म्हणे. मी वाद घातला नाही.

२४ नोव्हेंबर
आज तोंड सुटलंच माझं. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. सरळ विचारलं, आमच्या दोघांच्या मधे अजून किती दिवस झोपणार? खाली मान घालून खडे काढत बसल्या. मग म्हणाल्या, तपासून ये, मग जाते. अहो, पण तपासायला नेतंय कोण!
ह्यांना म्हटलं, त्यांना कागलला नणंदेकडे सोडून या चार दिवस. वाटलं होतं, आईची बाजू घेतील. चहा अर्धा टाकून हे गाडी पुसायला गेले.

२५ नोव्हेंबर
आत्याबाई सकाळी गेल्या. गाडीत बसताना माझं मनगट धरलं, सोडेचनात. काहीतरी सांगायचं होतं. पण हे शेजारी उभे होते.
दुपारी हे परत आले, दुकानात बसलेत. खोली मोकळी झाली. आता काही हरकत नाही, चांगलंच आहे की. अंगावर काटा का येतोय कळेना.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
नणंदेच्या फोनवरून आत्याबाई बोलल्या. हळू आवाजात.
"मी झोपत न्हवते गं. माझा अमर रोज रात्री दारात येऊन हुभा ऱ्हायचा. मला जागी बघून परत जायाचा. त्येचा बाप बी असाच. थांबला न्हाई, माझं टाकं उसवलं व्हतं."
म्हटलं, पण डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवून सांगितलंय.
"त्येच्या बापालाबी सांगितलं व्हतं."
मला भीती वाटतेय. माझ्याच नवऱ्याची. खाली दुकानाचं शटर आज लवकर ओढलं. मी आतून कडी लावलीय.