वाक्य पुरं होईपर्यंत

प्रिय दादा,

सकाळपासून हे पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. खिडकी उघडते, लावते, कपड्यांच्या घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालते. वहिनी इथे असती तर म्हणाली असती, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. उद्या सोमवार, आणि घोर उद्याचाच आहे. पण आधी ऑफिसचं सांगते, नाहीतर तुला काही उमगायचं नाही.

आमचं काम दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत चालतं. थोडं सॉफ्टवेअर बनवायचं, मी ते तपासायचं, मग सगळ्यांनी बसून काय जमलं, काय फसलं ते बोलायचं, की पुढची फेरी. यंदा वरून फर्मान आलं, ऑफिसात सगळ्या तऱ्हेच्या माणसांना सामावून घ्या. दरवर्षी यावर एक भाषण व्हायचं, हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लागायचं, संपलं. या वेळी आमची टीम लीड म्हणाली, "भाषण नको. हेही कामासारखंच करू. एका फेरीत एकच छोटा बदल. जमला तर ठेवू, फसला तर फेकू."

पहिला बदल असा, की सकाळी उभ्या-उभ्याच उरकायच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाला बोलायला एक मिनिट, घड्याळ लावून. सगळ्यांना सारखी संधी! माझं काय झालं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. घड्याळ सुरू झालं की जीभ टाळ्याला चिकटायची. 'तपासणी'तला 'त' सुटेपर्यंत मिनिट उडालेलं. त्यात आमचा सीनियर प्रोग्रॅमर, ज्याला सगळे एक्स्प्रेस म्हणतात, तो माझं वाक्य पुरं करायचा. मनाने चांगला आहे रे, पण पुरं करायचा ते चुकीचं. एकदा मी सांगत होते, की दवाखान्याच्या ॲपमध्ये वेळ बदलली तरी जुनी वेळ पुसली जात नाही. माझं 'जात' होईतो हा म्हणाला, "पुसली जाते, छान, पुढे!" मग मी ते लिहून कळवलं, पण दिवसभर धुमसत राहिले.

फेरी संपल्यावर बहुतेक जण म्हणाले, मिनिटाची कल्पना झकास. लीडने माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. नुसती थांबली. मी म्हटलं, "माझ्यासाठी फ... फ... फसली." कोणी मध्ये बोललं नाही. मग बाळंतपणानंतर परत आलेली आमची डिझायनर म्हणाली, "माझ्यासाठीही. पाळणाघरातून येईपर्यंत मीटिंग उरकलेली असते. माझं मिनिट रोज कोण खातं, देव जाणे." सगळे हसले. एक्स्प्रेससुद्धा, जरा ओशाळून.

पुढच्या फेरीत घड्याळ गेलं, मीटिंगची वेळ उशिराची झाली, आणि नियम झाला, की कोणी कोणाचं वाक्य पुरं करायचं नाही. बिचारा एक्स्प्रेस ओठ दाताखाली धरून उभा राहायचा. एके दिवशी मी एक गंमत सांगितली, शेवटपर्यंत. हसून झाल्यावर तो म्हणाला, "तू इतकी विनोदी आहेस, मला पत्ताच नव्हता." पत्ता लागणार कसा? शेवटापर्यंत पोचूच दिलं नव्हतं ना मला!

आता नव्या फेरीतली रोजची मीटिंग मी चालवायची आहे. उद्यापासून. लीडने विचारलं, मी हो म्हटलं. फसलं तर फेकायचं असं ठरलंय, पण या वेळी फेकली जाईन ती मीच, असं सारखं वाटतंय. तरी करायचंय.

आणि म्हणूनच हे पत्र. गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, मित्राच्या कंपनीत माझ्यासाठी जागा आहे, कोपऱ्यातलं टेबल, कोणाशी बोलावं लागणार नाही. मी बोलायला लागले, "न... न..." आणि तू म्हणालास, "नक्की ना? शाब्बास! कळवतो त्याला," आणि फोन ठेवलास. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर तू माझ्या वतीने बोलत आलास, ते मायेनेच, हे मला कळतं. पण दादा, मला 'नको' म्हणायचं होतं. मित्राला तसं सांग. हे मिळालं की फोन कर. मीटिंग कशी झाली ते सांगेन. वेळ लागेल. तू ऐकत राहा.

तुझीच,
धाकटी