निम्म्या धाग्यांवरचं अक्षर

रविवार, १४ मार्च

प्रिय ताई,

'सा. न. वि. वि.' लिहिलं असतं तर म्हणाली असतीस, धाकटी ऑफिसातून लिहितेय का. म्हणून नुसताच नमस्कार. मी बरी आहे. हल्ली जरा जास्तच झोपते, ते सोड. नव्या गोळ्यांनी भिंगरीच्या आकड्या कमी झाल्या असं भाऊजी म्हणाले, ऐकून बरं वाटलं.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

डॉक्टर तुम्हाला इतकं समजावत होते आणि तू एकच शब्द उचलून घरी आलीस म्हणे. 'जनुकात दोष.' तेव्हापासून धोशा लावला आहेस, लेकीच्या आजारात दोष माझाच, दादासुद्धा लहानपणी आकडीनेच गेला, आमच्या माहेरचं रक्तच तसलं. अगं, डॉक्टरांना म्हणायचं होतं बिघाड आणि तू ऐकलंस अपराध. दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द, त्याला ते बिचारे काय करणार?

तर आता शिलाई मशीन थांबव आणि वाच.

घरच्यांच्या नमुन्याला हात लावायचा नाही असा आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. म्हणून तुम्हा तिघांचं रक्त आमच्या प्रमुख बाईंनी तपासलं. तू सही करून परवानगी दिली होतीस, त्यामुळे काल त्यांनी मला शेजारी बसवून सगळं दाखवलं.

आपल्या पेशीत डीएनएचा धागा असतो, दोन पदरी, पिळलेला. त्यावर अक्षरं चारच, पण तीच उलटसुलट मांडून तीन अब्जांचा मजकूर. तो वाचणारं आमचं यंत्र तळहाताएवढं आहे. आत खारं पाणी, मध्ये पातळ पडदा आणि पडद्याला इतकी बारीक भोकं, की धाग्याचा एकच पदर कसाबसा जाईल. भोकातून सतत थोडीशी वीज वाहत असते. पदर आत शिरला की तिची वाट अडते, आणि कुठली अक्षरं भोकात आहेत त्यावर किती अडते ते ठरतं. अक्षरं सरकतात तशी वीज कमीजास्त होते, स्क्रीनवर नागमोडी रेघ उमटते आणि त्या रेघेवरून संगणक अक्षरं ओळखतो. तू नेफ्यात नाडी ओवताना बघतेस कुठे? बोटांनाच कळतं, इथे गाठ, इथे शिवण. तसंच आहे हे. धागा सुर्रकन निसटू नये म्हणून भोकाच्या तोंडाशी एक प्रथिन बसवलेलं असतं. ते दोन पदर सोडवतं आणि एकेक अक्षर हळूहळू आत सोडतं. हळूहळू म्हणजे सेकंदाला शेकडो.

मी हे रोज बघते. तरी काल भिंगरीची रेघ बघताना अंगावर काटा आला. तिचा तो घोगरा आवाज, ती चपटी नखं, सगळं त्यात कुठेतरी लिहिलेलं आहे.

यंत्र चुकतं, बरं का. म्हणून एकाच जागेचे पुष्कळ धागे वाचायचे. यंत्राची चूक एखाद्याच धाग्यावर दिसते, बाकीचे तिला खोटं पाडतात. पण भिंगरीच्या एका जागी निम्म्या धाग्यांवर अक्षर वेगळं होतं आणि निम्म्यांवर नेहमीचं. निम्म्यांवरच, कारण आपल्याकडे मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. तिच्या एकाच प्रतीत बदल आहे.

मग बाईंनी तुझे धागे उघडले. माझा जीव टांगणीला लागला होता. त्या जागी तुझे सगळे धागे नेहमीसारखे निघाले. भाऊजींचेही. दुसऱ्या पद्धतीनेही त्यांनी ताडून पाहिलं होतं, तेच आलं.

कळलं का, ताई? ते अक्षर तुझ्यात नाही. दादा कशाने गेला ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, पण हे आपल्या घरून आलेलं नाही. भिंगरी घडताना एवढा अवाढव्य मजकूर उतरवला गेला आणि त्यात एक अक्षर नवंच पडलं. असे थोडे नवे बदल प्रत्येकात असतात, तुझ्यात, माझ्यात, त्या डॉक्टरांतही. बहुतेक बिनमहत्त्वाच्या जागी पडतात, तिचं नेमकं मोक्याच्या जागी पडलं. एवढं सगळं उतरवून इतकंच चुकतं, याचंच मला राहून राहून नवल वाटतंय.

अक्षर काही औषधाने बदलणार नाही, खोटी आशा दाखवत नाही. पण कुठली गोळी द्यायची आणि कुठली मुळीच नाही, हे आता डॉक्टरांना ठाऊक आहे. पुढच्या बाळाला धोका अगदी थोडा. शून्य मात्र कुणी म्हणत नाही.

आता जे टाळत होते ते. मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "तू तरी मूल होऊ देऊ नकोस. आपल्या घराण्याचं हे इथेच थांबू दे." मी "बरं" म्हणाले. तेव्हा मला दिवस गेलेले होते, ताई. तुझ्यासमोर सांगायची छाती झाली नाही. आणि मीही तुझ्याइतकीच घाबरले होते. नवऱ्यालाही धड आनंद करू दिला नाही. काल तुझे धागे बघून घरी आले, पहिल्यांदाच पोटावर हात ठेवला आणि मनसोक्त रडले.

फोन करू नकोस, नुसतीच रडत बसशील. भिंगरीला घेऊन सरळ निघून ये.

होणाऱ्या मावशीला,
धाकटीचा नमस्कार.