बस-स्टॉपसमोरचा आरसा

१ जानेवारी
ठरलं म्हणजे ठरलं. पाच वर्षांत स्वतःचं सलून. दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून म्हातारं व्हायचं नाही. बस-स्टॉपसमोरचा गाळा रिकामाच आहे. खुर्च्या दोन, आरसा खिडकीसमोर. बससाठी थांबलेल्यांना आपले वाढलेले केस दिसणार आणि ते आत येणार. काय डोकं आहे माझं!
बायको म्हणाली, आधी गाळेवाल्याला भेटा. तिला प्लॅनिंग कळत नाही.
संकल्प: कुणापाशी बोलायचं नाही. मालकाच्या कानावर गेलं तर आहे ती नोकरीही जायची.

९ जानेवारी
सलूनला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघे कारागीर एकमेकांचे केस कापतो. दुसरा म्हणजे मुनी. दिवसभरात चार शब्द बोलला तर डोक्यावरून पाणी, म्हणून मुनी. हातात कात्री आली की माझी जीभ सुटते. सगळा प्लॅन सांगून टाकला. हरकत नाही. मुनीला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं.

२० फेब्रुवारी
गाळेवाल्याकडे निघालो. अर्ध्या वाटेत आठवलं, सलूनचं नावच ठरलेलं नाही. परत फिरलो. नावाच्या विचारात एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, पायाला भिंगरी आहे, पण घरातल्या घरात.

१३ मार्च
मुनीचे केस कापले. आज चक्क त्याने विचारलं, आरसा केवढा लावायचा? कुणीतरी रस घेतंय, बरं वाटलं. माप दिलं.

२ मे
गाळ्यावरची 'भाड्याने देणे' पाटी गायब. बायकोला म्हटलं, गाळे काय, पैशाला पासरी मिळतात.
मुनीने नोकरी सोडली. कारण सांगितलं नाही. आता माझे केस कोण कापणार?

१९ मे
केस कानांवर आलेत. बस-स्टॉपवर उभा होतो, समोर आरशात एक अवतार दिसला. मीच. पाय आपोआप आत वळले.
मुनी!
खूप वाईट वाटलं. बोलायला तोंड उघडलं, तर त्याने कापड झटकून मला खुर्चीत बसवलं. केस झाल्यावर म्हणाला, "दुसरी खुर्ची रिकामी आहे. उद्यापासून ये. फक्त गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही."

२० मे
नवीन सलूनमध्ये पहिला दिवस. पाच वर्षांचा प्लॅन पाच महिन्यांत पुरा, एवढं बायकोनेही मानायला हवं. गिऱ्हाईक आरसा बघून आपसूक आत येतंय. एकाने विचारलंसुद्धा, ही आरशाची आयडिया कुणाची?
मुनी माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मान जरा खाली घ्या.