आप्पांना नावाने हाक

जळकोट, ४ फेब्रुवारी २०२५

ती. उज्वलाआक्कास,
रामलिंगचा सा. न. वि. वि.

फोनमध्ये चोर बोलतात म्हणून आप्पांनी तुझ्या भावजयीचा, मनिषाचा, घरातला एकुलता फोन दगडावर आपटला, तेव्हा आता तुझ्या भावाचं अक्षर लावत बस. काल त्यांनी दाराच्या अडसराने आईला मारलं. ही बाई घरात कशी शिरली, असं ओरडत होते. तिचं मनगट मोडलं. मी धरायला गेलो तर माझ्या दंडाला कडकडून चावले.

त्यांना लातूरच्या विसरभोळ्यांच्या देखभाल केंद्रात ठेवू म्हटलं, तर आई माझा माणूस हाय, कुठं धाडायचा न्हाई, म्हणते. एखाद्या दिवशी ती त्यांच्या हातून मरेल, आक्का. मला आप्पांचा भयंकर राग येतो. काय करू ते लवकर कळव, आणि लोभ आहेच तो राहू दे.

तुझा,
रामलिंग

नांदेड, ९ फेब्रुवारी

चि. रामलिंगास अनेक आशीर्वाद.

अक्षर अजून तसंच गिचमिड आहे. वाचून वर्गात फळ्याकडे तोंड करून रडले. इथल्या डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूतल्या पेशी एकमेकींना जोडांवरून निरोप देतात. अल्झायमरमध्ये ते जोडच तुटत जातात. आप्पांना चेहरा दिसतो, पण तो कुणाचा हा निरोप पुढे पोचत नाही. फार जुनं असतं ते बहुधा उशिरापर्यंत टिकतं. म्हणून अंगावर आले तर लांबूनच त्यांना त्यांच्या नावाने हाक मारा, म्हणाले.

आईने लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांचं नाव घेतलेलं नाही. तिला माझी शपथ घाल. मार खाण्यापेक्षा नाव घेतलेलं बरं. दंडाला औषध लाव, आणि या आक्कावर माया असू दे.

तुझी,
उज्वलाआक्का

लातूर, १७ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझी शपथ आईने पाळली. परवा आप्पा खलबत्त्यातला बत्ता घेऊन तिच्यावर धावले. तिने मागे सरत मोठ्याने हाक मारली, भुजंगराव म्हणून. आप्पा जागीच थांबले. मला वाटलं, वाचलो.

मग ते म्हणाले, माझी सिंधु मरंल, पर माझं नाव घ्यायची न्हाई. तू कोण हायस? आणि बत्ता तिच्या कपाळात घातला. हाड फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्यांना खाली पाडून, छातीवर गुडघा देऊन, त्यांच्याच धोतराने खांबाला बांधलं. बापाला बांधलं मी, आक्का.

आई इथल्या दवाखान्यात आहे. आप्पांसाठी केंद्रात खाट मिळाली आहे, उद्या नेणार होतो. आज ती शुद्धीवर आली आणि टाक्यांसकट हसली. त्यायला कुठं धाडू नको, म्हणते. मी अजून त्यायच्या ध्यानात हाय.

तिला काय सांगू? तू ये. आहे तो जीव लावत राहा.

तुझा,
रामलिंग